चारच्या चहाची वाटणी

मी, राष्ट्रीय गणित संशोधन संस्थेची एक संस्थापक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाविना, स्वतःच्या हाताने लिहिते. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गणितवालीला असा दाखला पहिल्यांदाच देतोय, असं ते म्हणाले. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात माझी बेरीज चुकली होती.

१. संस्थेसमोरचं माझं राहतं घर माझ्या नणंदेला द्यावं. सगळी संस्था त्यांना वन्संच म्हणते. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी फाटे फोडायला नकोत. संस्थेचा नकाशा मी आणि माझे सहकारी भूमितीवाले, आम्ही दोघांनीच काढला. प्रत्येक खोलीत फळा, जिन्यात फळा, संडासातसुद्धा फळा. स्वयंपाकघर मात्र राहून गेलं. कंत्राटदाराने विचारलं तेव्हा भूमितीवाले म्हणाले, "ते कुठेतरी असणार हे नक्की. कुठे, ते गौण आहे." उद्घाटनाला मंत्री आले आणि घोटभर चहा मिळेना. वन्संनी रस्त्यापलीकडून हाक मारली, "या सगळे इकडे! उपाशीपोटी कसली संस्था काढताय?" तेव्हापासून संस्था माझ्या जेवणाच्या टेबलावर चालते, समोर नुसती इमारत आहे.

२. वन्संचा नियम पुढेही पाळावा. चार वाजता ज्याचं गणित अडलंय त्याला पहिला कप. ज्याचं सुटलंय त्याने थांबावं. या नियमापायी भलेभले "अडलंय हो" म्हणायला शिकले आणि एकमेकांना विचारू लागले. माझ्या मते आम्ही संस्था काढली ती हीच.

३. सध्याचे संचालक माझेच विद्यार्थी. त्यांना हे घर पाडून गाड्या लावायला जागा हवी आहे. चहाचं यंत्र आणलंय म्हणतात. त्यांना माझा डस्टर द्यावा. तो मी वर्गात एकदा त्यांच्या दिशेने फेकला होता, नेम चुकला. वन्संच्या पश्चात घर संस्थेला मिळेल, पण चारचा चहा चालू असेल तरच. बंद पडला तर घर माझ्या भाच्याचं. तो गणितात कायम नापास झाला आणि मजेत आहे.

४. पुस्तकं ग्रंथालयाला. माझी उसनी नेलेली पुस्तकं ज्याने त्याने मुकाट्याने परत आणावीत. कोणी नेलीत ते मला ठाऊक आहे.

५. भूमितीवाल्यांना काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई सांगतात. म्हणून तर त्यांना साक्षीदार केलंय. इतकी वर्षं हा माणूस रोज "सुटलं" म्हणत आला आणि सगळ्यांत शेवटी गार चहा प्यायला. एकदाही अडला नाही? माझा नाही विश्वास. मला त्यांचा फार राग येतो, आणि त्यांच्याइतकं मला दुसऱ्या कुणी हसवलंही नाही.

वरचं सगळं पुन्हा वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली.

स्थळ: जेवणाचं टेबल
दिनांक: ११ मार्च, चार वाजायच्या आत

सही: संस्थापक
साक्षीदार १: वकीलबाई (सही)
साक्षीदार २: भूमितीवाले (सही)

सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "वाचलं. तुमची खुर्ची रिकामी दिसली की काय करायचं, इथे अडलोय. वन्सं, आज पहिला कप मला."