पाणकोंबडीच्या जागेचा निकाल

थोरल्याने आज सकाळीही दाढी करताना नळ मोकळा सोडला होता. वकीलसाहेब, आधी हे लिहा, मग मी कोण ते लिहा.

मी, वय एक्क्याऐंशी, चौथी पास, डोकं ठिकाणावर (डॉक्टरचा दाखला सोबत आहे, थोरल्यानेच मागितला होता), कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र करते. मला दबावात घेणारा अजून जन्माला यायचाय.

१. घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. भांडायचं तर नळ बंद करून भांडा.

२. घरामागची पाणथळ, जिथे दर पावसाळ्यात पाणकोंबडी घरटं करते. थोरला तिला डबकं म्हणतो. तिथे भराव घालून त्याला गाड्यांची शेड बांधायची आहे. मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा त्याने दोन ट्रक राडारोडा ओतलाच. पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याला जागा उरली नाही, ते सरळ स्वयंपाकघरात आलं. याचे नवे बूट तरंगत चुलीपर्यंत पोचले. मग सगळा राडारोडा यानेच घमेल्याने उपसला. धाकटी सून आणि मी खुर्च्या टाकून बघत होतो. पुढच्या वर्षी पाणकोंबडी पिल्लं घेऊन परतली. थोरल्याचा माज तिच्याआधीच परतला होता.

वकील म्हणतात, पाणकोंबडीच्या नावावर जमीन होत नाही, तिला सही येत नाही. मला तरी कुठे धड येते? असो. पाणथळ धाकट्या सुनेला. ती फटकळ आहे, सात वर्षं आमचा अबोला होता. पण अबोल्यातही भाजी धुतलेलं पाणी तिने कुंड्यांनाच घातलं. अट एवढीच: भराव नाही, साबणाचं पाणी नाही, पिल्लांच्या दिवसांत लव्हाळ्याला हात नाही. थोरल्याने एक घमेलं जरी टाकलं, तर त्याचा घरातला हिस्साही धाकटीचा.

३. पाना आणि वॉशरची डबी नातीला. "आजी, दागिने नाहीत का?" म्हणाली. दागिने गळत नाहीत गं, नळ गळतात.

४. थोरल्याला माझा स्टीलचा पेला. दाढी त्यात मावेल तेवढ्या पाण्यात.

साक्षीदार: प्लंबर (माझ्या पान्यामुळे याचा धंदा बसला, तरी आला); शेजारची शिवणवाली (तरंगते बूट हिनेही पाहिले).

सही: वाकडी आहे, पण माझीच. ठिकाण: स्वयंपाकघर, पाणी आलं होतं तिथेच. दिनांक: ११ नोव्हेंबर.

सही झाल्यावर आठवलं, तेही धरा: ज्या वर्षी पाणकोंबडी येणार नाही, त्या वर्षी का आली नाही याचं उत्तर थोरल्याने द्यायचं. धाकटीसमोर, उभं राहून. "मला काय माहीत" हे उत्तर धरलं जाणार नाही.