नसलेला तळवा

ताई,

आधीच्या पत्रांसारखं हेही खणातच राहणार, म्हणून निदान खरं तरी लिहितो.

मी आता कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या केंद्रात काम करतो. येणारे सगळे माझ्यासारखेच, लढाईत पाय गमावलेले. त्यांची मापं घेतो, पट्टे आवळतो, चालायला शिकवतो आणि वर त्यांच्या शिव्याही खातो.

परवा आलेला एक हवालदार कुणाशी बोलतच नव्हता. आज एकदम खेकसला, "तळवा खाजतोय!" कापलेल्या पायाचा तळवा. मी न हसता चादरीवर, तळवा असता त्या जागी, खाजवायला लागलो. त्यानं डोळे मिटले.

"जरा वर," तो म्हणाला.

तूही माझ्या खाटेशी बसून हेच केलं होतंस. मी मात्र "थट्टा करतेस माझी?" म्हणून कुबडी फेकून मारली आणि तुला घराबाहेर काढलं. चार वर्षं तू फिरकली नाहीस. बरोबरच आहे तुझं.

पण एक गोष्ट मी तेव्हा कबूल केली नाही. त्या दिवशी तू खाजवलंस आणि माझी खाज खरंच थांबली होती.

तुझा आडमुठा धाकटा