चैत्रातलं घोंगडं

सोलापूर, चैत्र १९७६

सौ. निंगव्वा हिस,

काल तुझा भाऊ गुरप्पा बाजारात भेटला. हसत म्हणाला, "दाजी, अक्का लई आराम करती की. दिवसभर झोपती, चैत्रातबी घोंगडं सोडत न्हाय."

मला हसू आलं नाही. तुझ्या गळ्यातली अर्धी थायरॉइड ग्रंथी काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "उरलेली कमी पडू शकते. थंडी वाजली, सुस्ती आली तर लगेच आणा. गोळ्या द्याव्या लागतील."

तेव्हा जखमेला लागू नये म्हणून तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग मी तुझ्या दंडाला बांधलं. पूजेला बसलो की तोच दंड आठवतो. तू विश्रांतीला माहेरी गेलीस, पण बोलावल्याशिवाय जावयानं जाऊ नये, म्हणून थांबलो होतो.

पत्राला वेळ लागेल. ते टाकत नाही, सकाळच्या एस.टी.नं मीच घेऊन येतो. डॉक्टरांकडे नेताना परतीच्या एस.टी.त लोक हसले तरी तू घोंगडं पांघरूनच माझ्याशेजारी बस.

तुझी वाट पाहणारा,
सिद्धलिंगप्पा