मी दोरी सोडली नव्हती

प्रिय छकुले,

चाळिशी ओलांडलीस तरी मी तुला छकुलीच म्हणणार, नाक मुरडू नकोस. तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मी घाबरलेय.

गेल्या महिन्यात पाचवीला ग्रह शिकवत होते. फळ्यावर कितीही वर्तुळं काढा, पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून सगळ्यांना मैदानावर नेलं. मधोमध सूर्य, म्हणजे वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. बाकीच्यांनी स्वतःभोवती गिरक्या घेत खडूच्या रेघेवरून तिच्याभोवती फिरायचं. शनी कमरेला सायकलचं टायर अडकवून आला होता. पृथ्वीला तिसऱ्याच दिवशी, म्हणजे तिसऱ्याच गिरकीला, चक्कर आली आणि ती बुधावर आदळली. हसून हसून पुरेवाट झाली.

मग मी दोरीला चेंडू बांधून डोक्यावर गरगर फिरवला. सूर्य पृथ्वीला असा ओढून धरतो, हे दाखवायला. शेवटी मुलांना मागे सरकवून मी दोरी सोडते आणि चेंडू सरळ भिंतीवर जातो. वीस वर्षं हेच करतेय. पण त्या दिवशी मुलांना मागे सरकवण्याआधीच दोरी सुटली. चेंडू शनीच्या कानाजवळून गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यांना वाटलं बाईंनी मुद्दाम सोडला. मीही हसून पुढचं शिकवत राहिले, हात पाठीमागे लपवून. मी घट्ट धरत होते गं, बोटंच ऐकत नव्हती.

आईच्या हातून वस्तू निसटायला लागल्या तेव्हा तू दहावीत होतीस. आपण तिला धांदरट म्हणून चिडवायचो आणि तीही हसायची. पुढची सहा वर्षं आपणच तिला घास भरवले. आता मी रोज दार लावून मूठ वळून बघते. उजवी करंगळी मागे राहते.

काल रिपोर्ट आला. आईचाच आजार आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सख्खी भावंडं आहेत का, कारण हा आजार आईकडून उतरतो आणि त्यांचीही लगेच तपासणी करायला हवी. मी चक्क नाही म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही तर तू वाचशील, असं काहीतरी वेड्यासारखं वाटलं. घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. सोमवारी सकाळच्या गाडीने येतेय, आपण दोघी तपासणीला जाऊ. माझं जे व्हायचं ते होवो, पण तुझा रिपोर्ट मी तुला एकटीला उघडू देणार नाही.

तुझीच,
ताई