कमलबाईंचा नवरा

मंगळवार संध्याकाळ, अमरावती

एमएसडब्ल्यूची केस-वही आज सरांना दाखवली. दर्यापूरच्या कमलबाईंना रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं होतं, तेवढंच मी लिहिलं होतं.

सर म्हणाले, “यात काय दम आहे? नवरा दारू पिऊन मारते, असं टाक. परीक्षकाले तेच लागते.”

तो माणूस मला स्टँडवर सोडायला आला होता, पिशवीत तुरीच्या शेंगा घालून. मारणारा? तरी लिहिलं. तिथंच बसून लिहिलं आणि सरांची सही घेतली.

घरी पोचले तर कमलबाईंचा फोन. नाव चढलं म्हणे. मग त्यांचा नवराच फोनवर आला. “तुयं कॉलेजातलं काम झालं काय, माय?”

“झालं,” मी म्हणाले. सरांची शिसारी येतेच, पण अक्षर माझं आहे.