अर्ध्या दरातले वाढदिवस

तीर्थस्वरूप दादांना,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. आपला खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आमची ही गेले नऊ दिवस आपल्याकडे आहे, तेव्हा आपल्या घरात सगळं जागच्या जागी गेलं असणार आणि आपल्याला काहीच सापडत नसणार. माझं उलट आहे. मला सगळं सापडतं, कारण सगळं जमिनीवरच आहे. ती कधी परत येणार ते सांगत नाही, माझा फोन घेत नाही, म्हणून झाला प्रकार आपल्या कानावर घालतो. चूक कोणाची ते आपणच ठरवा (माझी नाही).

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पूर्वी टायरचं दुकान होतं तिथे, एक हॉटेल निघालं आहे. मालक जन्मात गावाबाहेर गेलेला नाही, पण मेनूकार्डावर अकरा देश आहेत. (सगळ्या देशांचा सॉस एकच. देश बदलला की वर टाकायचा पाला बदलतो.) खुर्च्या लिलावातल्या. एक न्हाव्याची, एक दंतवैद्याची, दोन बसमधून उपटलेल्या, आणि एक शाळेचा बाक, त्यावर बसलं की माणूस आपोआप मान खाली घालून जेवतो. टायरचा वास अजून गेलेला नाही, मालक त्याला निखाऱ्यावरची चव म्हणतो. तरी तिथे पाय ठेवायला जागा नसते, कारण ज्याचा वाढदिवस, त्याच्या अख्ख्या टेबलाला अर्धा दर! दाखला कोणी मागत नाही. वाढदिवसवाल्याने न्हाव्याच्या खुर्चीत बसून कागदी मुकुट घालायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, बस्स.

आपल्याला माहीतच आहे, मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जन्माच्या टेबलावर असतो. दिवसाला चाळीस जन्मतारखा माझ्या हाताखालून जातात, एखादी इकडची तिकडे करताना माझा हात कशाला थरथरेल? फेब्रुवारीत माझा वाढदिवस झाला, तो खरा. मार्चमध्ये हिचा केला. हिने मुकुट घातला, हसलीसुद्धा. ऑगस्टमध्ये पुन्हा हिलाच खुर्चीत बसवलं, तेव्हा मालकाच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं, मार्चमधल्या त्या वेगळ्या, ही त्यांची जुळी बहीण. (आपल्याला न विचारता आपल्या घरात एक बहीण वाढवली, त्याबद्दल माफी असावी.) जुळी बहीण पाच महिने उशिरा कशी जन्मली, असं त्याने विचारलं. बावीस वर्षं जन्माच्या टेबलावर बसून एवढं माझ्या लक्षात येऊ नये, याची मला अजून लाज वाटते. खोटं बोलल्याची नाही. त्याने त्या वेळी सोडून दिलं, पण नियम मात्र केला, की यापुढे एका माणसाला वर्षात एकच जन्म.

आता मुख्य प्रकार. दहा दिवसांपूर्वी ही सकाळीच आवरून, ठेवणीतले कपडे घालून बसली. कुठे लग्नबिग्न आहे का, असं मी विचारलं, तर उठून चहा टाकायला गेली. मग आपला फोन आला. (आपण वर्षात एकदा फोन करणार, तोही नेमका मी दाढी करत असताना!) ही ‘थँक्यू दादा’ म्हणाली, म्हणजे आपण काहीतरी पाठवलं असणार. ते अजून पोचलेलं नाही, चौकशी करावी. संध्याकाळी ही आपणहून म्हणाली, ‘आज बाहेर जेवू या का?’ मी झटकन विचार केला, माझा वाढदिवस झालेला, हिचा दोनदा झालेला, तेव्हा तिसरं डोकं हवं. लगेच आमच्या ऑफिसातल्या मृत्यूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावून घेतलं. गृहस्थ स्वभावाने इतके गंभीर की ते मुकुट घालून बसल्यावर लोकांनी आधी माना खाली घातल्या आणि मग टाळ्या वाजवल्या. हिनेही वाजवल्या. त्या माणसाने सात देश संपवले, हिने नुसतं सूप घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘एवढे वाढदिवस केलेत ना माझे? त्यातला खरा कुठला ते आठवलं की या न्यायला.’

दादा, कमाल आहे की नाही? बायकोचा वर्षातून दोनदा वाढदिवस करणारा नवरा आपल्या पाहण्यात दुसरा असला तर मला कळवा. आपण वडीलधारे आहात, तिला चार शब्द सुनावावेत. असो. वहिनींना नमस्कार सांगावा, गुडघ्यांना जपायला सांगावं.

आपला,
अन्याय झालेला मेहुणा

ता. क. पत्रास कारण एवढंच, की हिची जन्मतारीख एका चिठ्ठीवर लिहून, पाकीट घट्ट चिकटवून, घरच्या पत्त्यावर पाठवावी. ऑफिसच्या पत्त्यावर नको, जन्माच्या टेबलावर ते बरं दिसणार नाही. तारीख जरा लांबची असली तर फारच उत्तम, तयारीला वेळ मिळेल.

पुन्हा ता. क. तारीख पाठवू नका. पत्र टाकायला निघालो, तर हॉटेलच्या मालकाने हाक मारून आत बोलावलं. त्याच्याकडे गिऱ्हाइकांच्या अभिप्रायाची वही असते, मी कधी उघडली नव्हती. (अभिप्राय दिला की टीपही द्यावी लागते, अशी माझी समजूत.) त्या दिवसाच्या तारखेखाली हिचं अक्षर आहे. ‘सूप चांगलं होतं. आज वाढदिवस माझा होता. टाळ्या मीपण वाजवल्या.’

दादा, मला फार वाईट वाटलं. पत्र आता पेटीत टाकत नाही, उद्या सकाळच्या गाडीने स्वतःच घेऊन येतो. दार कृपया आपण उघडा. तिने उघडलं तर काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.