घाम की गळती

पप्पा, तुम्ही असता तर काल संध्याकाळी फोन करून आधी विचारलं असतं, "काय पास केलंस, काय अडवलंस?" जेवलीस का, हे नंतर. म्हणून तुम्हालाच सांगते. मी पण आता रिफायनरीत आहे, तुमच्यासारखीच इन्स्पेक्शनला. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. मला वाटायचं, तुमचं काम म्हणजे घाट उतरून जायचं, हातोडीनं पाइप वाजवून बघायचे आणि शनिवारी कुसगावला परत यायचं. फार चुकीचं नव्हतं ते. आता पाइप किती झिजला ते मशीनच्या स्क्रीनवर दिसतं, आणि मला दर वेळी तेवढंच भारी वाटतं.

तळेगावच्या एका वर्कशॉपमध्ये आमच्यासाठी एक व्हेसल बनलंय. जाड पोलादी टाकीच, आपल्या गच्चीवरच्या टाकीपेक्षा थोडी मोठी. तिच्यातून दाबाखाली गॅस जाणार, म्हणून आधी पाणी भरून, जास्त दाब देऊन, कुठं गळते का ते बघायचं. गळकी टाकी पास केली तर प्लँटमध्ये तिच्याशेजारी उभं राहणाऱ्यांचं काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. साहेब म्हणाले, "या वेळी तू एकटी जा. तुझा शब्द शेवटचा." मी इतकी खूश, की हेल्मेट आदल्या रात्रीच बॅगेत टाकलं.

परवा पोचते तर काय, टाकीला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ फुटलेला, पेढे वाटून झालेले, ट्रेलर गेटवर उभा. टेस्ट मात्र अजून चालूच! दाबाचा काटा स्थिर आहे, पण टाकी अख्खी ओली.

"घाम हाय तो, मॅडम," सुपरवायझर म्हणतात. त्यांना तिथं सगळे भाऊ म्हणतात. "आत गार पाणी, भाईर दमट हवा. काटा हललाय का? न्हाई ना? मग करा की सही."

बोलत होते ते बरोबरच. तेवढ्यात साहेबांचा फोन, "ट्रेलर निघाला का? इकडे प्लँट बंद ठेवून बसलोय." मी पेन काढलं. आणि मला आपलं किचन आठवलं.

तो स्टीलचा हंडा आठवतो? आई म्हणाली, "अहो, ह्यो नवा हंडा गळतोय. दुकानात परत द्या." तुम्ही पेपरातून मान वर काढून हंड्यावरून एक बोट फिरवलंत. "गळत नाही गं, घाम आलाय. मी रोज हेच काम करतो." आईनं हंडा रिकामा केला, पुसला, कोमट पाणी भरलं आणि तुमच्याच पेपरवर नेऊन ठेवला. घाम बंद. तुमचा चेहरा काय फुलला! आणि मग बुडाच्या जोडाखाली पेपरवर एक ओला डाग आला, मोठा मोठा होत गेला.

"व्हय व्हय, लय घाम आलाय," आई म्हणाली. "रिफायनरी उडवू नका म्हंजे झालं."

तुम्ही इतके हसलात की हातातला चहा सांडला. तर आई म्हणते, "आन् ह्यो? ह्यो पन घामच का?"

मी पेन परत खिशात ठेवलं. "भाऊ, कोमट पाणी भरू या."

"मॅडम, नारळ फुटलाय. फुटल्या नारळावर माल थांबवायचा? आमच्यात न्हाई करत कुणी."

"मग दुसरा फोडू. मी आणते."

दाब सोडला, पाणी काढलं, बॉयलरचं गरम पाणी मिसळून परत भरलं, टाकी पुसली, परत दाब दिला. घाम गेला. टाकी कोरडी ठणठणीत. भाऊ माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतायत, साहेबांचा फोन वाजतोय. सगळीकडे फिरून झालं. राहिला फक्त हार.

"हार काढता का जरा?"

हाराच्या मागे, पाइप जोडलाय तिथल्या वेल्डिंगवर, पाण्याचा एक थेंब. भाऊंनी बोटानं पुसला. परत आला. परत पुसला. परत आला.

"आयला," भाऊ हळूच म्हणाले. "नारळ आमीच घाईनं फोडला."

साहेबांना फोन मीच केला. ते म्हणाले, "बरं झालं." वेल्डिंग खरवडून पुन्हा केलं, काल परत टेस्ट. कोमट पाणी, हार नाही. सगळं कोरडं! मी सही केली. नारळ मी स्टेशनजवळून नेला होता, तो भाऊंनी मलाच फोडायला लावला. पहिल्या फटक्यात फुटलाच नाही, अख्खं वर्कशॉप हसलं.

पेढा देताना भाऊंनी विचारलं, "मॅडम, ते कोमट पान्याचं कुटं शिकलात? कॉलेजात?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "माझे वडील रिफायनरीत इन्स्पेक्शनला होते. त्यांनी शिकवलं."

"तरीच," भाऊ म्हणाले.

हे मी किचनमध्येच बसून लिहितेय. समोर आई मेथी निवडतेय. कुणाला लिहितेस, म्हणून दोनदा विचारून झालं. ऑफिसचं आहे, म्हटलं. हे पत्र तसंही जाणार कुठं, पण हिच्या हाती मात्र लागायला नको. सगळं क्रेडिट तुम्हाला देऊन बसलेय, पप्पा.